जुन्या सीडी प्लेअरचा आवाज: दुरुस्ती कुठे संपते आणि फेरफार कुठे सुरू होतो

जुना सीडी प्लेअर उघडून त्यात फेरफार करण्याचा नाद ज्यांना लागतो, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘ऑप-अँप (विद्युत संकेत वाढवणारी छोटी आयसी, म्हणजे चिप) कोणता घालू?’ असा असतो. त्याचे उत्तर मी आज देणार आहे, पण जरा उशिरा देणार आहे. कारण ज्या यंत्रांचा आवाज ‘सुधारला’ असे मला आजवर ऐकवण्यात आले, त्यांतल्या बहुतेकांची प्रत्यक्षात दुरुस्ती झालेली होती. जे चाळीस वर्षांत सुकले आणि सैल झाले होते ते पूर्ववत झाले, आणि श्रेय मात्र नव्या महागड्या आयसीला मिळाले.

फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून सीडीचे मानक ठरवले आणि सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला प्लेअर ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आला. प्रत्येक चॅनलचे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, हे दोन्ही कंपन्यांना समान होते; नमुन्यांचा आवाज करण्याची रीत मात्र वेगळी होती. सोनीने १६ बिटांचा एकच डॅक, म्हणजे आकड्यांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारी आयसी, दोन्ही चॅनलांसाठी आळीपाळीने वापरला, त्यामुळे डाव्या आणि उजव्या आवाजात सुमारे ११ मायक्रोसेकंदांचे अंतर पडे. फिलिप्सच्या हाती तेव्हा टीडीए १५४० हा १४ बिटांचाच डॅक होता. त्यांनी नमुन्यांचा वेग डिजिटल फिल्टरने चौपट केला, म्हणजे १७६.४ किलोहर्ट्झवर नेला, आणि नॉइज शेपिंगच्या, म्हणजे गोंगाट ऐकू न येणाऱ्या वारंवारतांकडे ढकलण्याच्या, साहाय्याने १४ बिटांतून जवळजवळ १६ बिटांचे काम काढले; शिवाय या चौपट वेगामुळे डॅकनंतरचा अॅनलॉग फिल्टर सौम्य ठेवता आला. ही वंशावळ सांगण्याचे कारण असे की एका घराण्याच्या यंत्रावर लागू पडणारा फेरफार दुसऱ्यावर निरर्थक ठरू शकतो. माझा हात मुख्यतः फिलिप्सच्या आणि त्यांचेच सुटे भाग वापरणाऱ्या यंत्रांवर बसलेला आहे, म्हणून यापुढे मी टीडीए १५४१ए या १६ बिटांच्या डॅकभोवतीच बोलणार आहे.

आधी दुरुस्ती. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव काळाबरोबर आटतो, त्यांची क्षमता घटते आणि अंतर्गत रोध, ज्याला आपण ईएसआर म्हणतो, वाढतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, म्हणून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या, उष्ण होणाऱ्या रेग्युलेटरला खेटून बसलेले कपॅसिटर सर्वांत आधी जातात. सुरुवातीच्या काही फिलिप्स प्लेअरांत तर मुळातच एक खोट आहे: पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डच्या, दोन बाजू जोडण्यासाठी बारीक धातूचे रिव्हेट वापरलेले आहेत आणि त्यांचे सोल्डर कालांतराने तडकते. यंत्र तापले की आवाज तुटतो, थंड झाले की पुन्हा नीट चालते. अशा प्रत्येक रिव्हेटमधून तार ओवून दोन्ही बाजूंना सोल्डर करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळून पुढे गेलेल्या माणसाची सगळी मेहनत वाया जाते. तबकडी अडखळते म्हणून लेझरचा प्रवाह पोटेन्शिओमीटर फिरवून वाढवण्याचा मोहही आवरावा. भिंग स्वच्छ करावे, भिंग तबकडीच्या रेषेवर धरून ठेवणाऱ्या सर्व्होचे कपॅसिटर तपासावेत, आणि ७८० नॅनोमीटरचा तो किरण डोळ्यांना जवळजवळ दिसत नसल्यामुळेच तो धोकादायक आहे, हे लक्षात ठेवून मगच आत वाकावे. वाचनाची बाजू एकदा निर्दोष झाली, चुका दुरुस्त करणाऱ्या सर्किटला त्या पूर्णपणे भरून काढता येऊ लागल्या, की तिथे आवाजासाठी आणखी काही कमवायचे उरत नाही. कंप रोखण्यासाठी यंत्राच्या बुडाला शिसे चिकटवणाऱ्यांना हे आवडत नाही.

कमवायचे आहे ते डॅकच्या आसपास. टीडीए १५४१ए ला +५, −५ आणि −१५ असे तीन व्होल्टेज लागतात. त्याच्या आत एक मूळ प्रवाह पुनःपुन्हा निम्मा केला जातो, आणि दोन अर्धे कधीच तंतोतंत सारखे नसतात म्हणून त्यांची सतत अदलाबदल करून सरासरी काढली जाते. ही सरासरी गुळगुळीत करण्यासाठी आयसीच्या दोन्ही अंगांना मिळून चौदा छोटे कपॅसिटर असतात. ते चांगल्या फिल्म प्रकारचे असावेत आणि त्यांच्या तारा शक्य तितक्या आखूड असाव्यात. आकाराने मोठे, नावाजलेले कपॅसिटर लांब तारांवर लटकवून लोक हे काम उलट बिघडवतात. तिन्ही पुरवठ्यांना स्वतंत्र, कमी गोंगाटाचे रेग्युलेटर देणे आणि ग्राउंडचा परतीचा मार्ग एकाच बिंदूला आणणे, या दोन गोष्टींतून मला जितका फरक मोजता आला, तितका दुसऱ्या कशातूनही आला नाही.

आता ऑप-अँप. हा डॅक व्होल्टेज देत नाही, प्रवाह देतो. पूर्ण पल्ल्यात सुमारे ४ मिलिअँपिअर, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना दोन-दोन. तो दीड किलोओहमच्या रोधातून नेला की ३ व्होल्टचे शिखर, म्हणजे सुमारे २.१ व्होल्ट आरएमएस (परिणामकारक सरासरी) मिळतात, आणि सीडी प्लेअरच्या आउटपुटला आपली अपेक्षाही साधारण २ व्होल्टचीच असते. हे रूपांतर करणाऱ्या ऑप-अँपपुढे गुळगुळीत संगीत येत नाही. त्याच्यापुढे सेकंदाला १,७६,४०० वेळा उड्या मारणाऱ्या पायऱ्या येतात. त्यामुळे जलद ऑप-अँप हवा, हा तर्क चुकीचा नाही. अपुरा आहे.

याचा धडा मला माझ्याच यंत्राने दिला. मूळचा ५५३४ हा ऑप-अँप काढून मी तिथे सॉकेट बसवले आणि त्यात बराच जलद ऑप-अँप घातला. आवाजात झांजांना एक नवी चकाकी आली, आणि आठवडाभर मी ती येईल त्याला ऐकवली. नंतर दुसऱ्याच कामासाठी ऑसिलोस्कोप लावला तेव्हा दिसले की तो ऑप-अँप कित्येक मेगाहर्ट्झवर आपला स्वतंत्र राग आळवत होता. मी जिला चकाकी म्हणत होतो ती त्या आंदोलनातून आलेली विकृती होती. पुरवठ्याच्या पायांना अगदी लागून ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले, फीडबॅकमधला छोटा कपॅसिटर योग्य किमतीचा केला, तेव्हा आंदोलन थांबले आणि चकाकीही गेली. ज्याच्याजवळ ऑसिलोस्कोप नाही त्याने ऑप-अँप बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नमुन्यांचा वेग चौपट करणारा एसएए ७२२० हा डिजिटल फिल्टर वगळून डॅकला थेट ४४.१ किलोहर्ट्झचे नमुने देण्याची एक लोकप्रिय पद्धत आहे. त्यातून येणाऱ्या आवाजाला लोक ‘मऊ’ म्हणतात, आणि त्यात गूढ काही नाही: प्रत्येक नमुना पुढच्या नमुन्यापर्यंत धरून ठेवल्यामुळे २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ डेसिबलची घट होते, आणि ऐकू येण्याच्या पल्ल्यावरची संगीताची प्रतिबिंबे न गाळता पुढच्या अॅम्प्लिफायरकडे जातात. कोणाला ते आवडत असेल तर माझी हरकत नाही. मात्र त्याला मूळ ध्वनिमुद्रणाशी अधिक प्रामाणिक म्हणू नये. आउटपुटचा भाग पूर्ण वगळणाऱ्यांकडून आणखी एक गोष्ट निसटते. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींवर उच्च स्वर मुद्दाम उचलून नोंदवलेले आहेत, २० किलोहर्ट्झला सुमारे ९.५ डेसिबलपर्यंत, आणि ते पुन्हा खाली आणणारे सर्किट अनेक जुन्या यंत्रांत याच अॅनलॉग भागात असते. ते काढून टाकले की नव्या सीडी ठीक वाजतात आणि अशा जुन्या सीडी कानाला टोचू लागतात. मग दोष सीडीला दिला जातो.

क्लॉकबद्दल, म्हणजे नमुन्यांची वेळ ठरवणाऱ्या भागाबद्दल, थोडक्यात. पूर्ण पातळीच्या २० किलोहर्ट्झच्या स्वरात १६ बिटांच्या सर्वांत लहान पायरीच्या निम्मी चूक होण्यास सुमारे १२० पिकोसेकंदांची वेळचूक पुरते. संगीतात असा स्वर नसतोच, तेव्हा हा आकडा सर्वांत वाईट परिस्थितीचा आहे. ११.२८९६ मेगाहर्ट्झचा नवा ऑसिलेटर घालायचा असेल तर त्याला वेगळा, स्वच्छ पुरवठा द्यावा आणि तो डॅक किंवा फिल्टरला अगदी जवळ बसवावा. लांब तारेवरचा महाग क्लॉक मूळच्या साध्या क्रिस्टलपेक्षा वाईट वागू शकतो. आउटपुटवर डीसी (स्थिर विद्युतदाब) अडवणारे कपलिंग कपॅसिटर काढण्याआधी तिथे डीसी किती आहे ते मल्टिमीटरने पाहावे, कारण तो डीसी पुढे स्पीकरपर्यंत पोहोचू शकतो.

राहता राहिले ऐकणे. दोन यंत्रांची तुलना करताना पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवावी लागते, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी ‘अधिक खुला’ वाटतो. एका वेळी एकच बदल करावा आणि शक्य असेल तर स्टीरिओ यंत्राच्या एकाच चॅनलमध्ये करावा, म्हणजे मोनो ध्वनिमुद्रण लावून बदललेली आणि न बदललेली बाजू त्याच क्षणी ताडून पाहता येते. मी हे जेव्हा पहिल्यांदा नीट केले, तेव्हा दुरुस्त पुरवठ्यावर चालणारा जुना ५५३४ आणि आता शांत झालेला तो जलद ऑप-अँप यांत मला फरक सांगता आला नाही. सॉकेटमध्ये आज ५५३४ आहे. दुसरा त्याच यंत्राच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या पाकिटात, काढल्याची तारीख लिहून ठेवलेला आहे.