बावीसला बावीस : पात्रता गटाचा हिशेब

नमस्कार, श्रोतेहो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या. आजचं बोलणं ऐकता ऐकता मांडून बघण्यासारखं आहे.

५ जुलै २०२५. थायलंडमधलं चियांग माई. महिला फुटबॉलच्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीतला 'ब' गट, शेवटचा दिवस, भारत विरुद्ध थायलंड. सामन्याची शिट्टी वाजण्याआधी गटाचा तक्ता पाहिला तर वरच्या दोन ओळी एकमेकींची नक्कल वाटाव्यात अशा होत्या. सामने ३, विजय ३, गुण ९, केलेले गोल २२, खाल्लेले गोल शून्य. भारताची ओळ तीच, थायलंडचीही तीच.

हे २२ आले कुठून? भारतानं मंगोलियाला १३-० हरवलं, त्यात एकट्या प्यारी खाखाचे पाच गोल. मग तिमोर-लेस्तेवर ४-० आणि इराकवर ५-०. थायलंडनं मंगोलियावर ११, इराकवर ७ आणि तिमोर-लेस्तेवर ४ गोल चढवले. करा बेरीज. आकडे वेगळे, उत्तर एकच.

आता या गटाची रचना. पात्रता फेरीत ३४ संघ होते. त्यांचे आठ गट पाडले, सहा गट चार-चार संघांचे आणि दोन गट पाच-पाचांचे. प्रत्येक गट एकाच देशात भरला आणि प्रत्येक जोडी एकदाच भिडली. घरी-दारी अशी दुसरी संधी नाही. गटातून फक्त पहिला संघ पुढे. दुसऱ्या क्रमांकाला काहीही मिळत नाही, प्ले-ऑफ म्हणजे पात्रतेची जादा लढतसुद्धा नाही. यजमान ऑस्ट्रेलिया आणि २०२२ च्या स्पर्धेतले पहिले तीन संघ, म्हणजे चीन, दक्षिण कोरिया, जपान, हे थेट आत. ती २०२२ ची स्पर्धा आपल्याकडेच झाली होती, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. तिथं भारत यजमान होता, इराणशी ०-० बरोबरी झाली, आणि मग कोरोनानं संघात शिरकाव केला. पुढच्या सामन्यासाठी लागणाऱ्या किमान १३ खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत, संघ बाद धरला गेला आणि इराणविरुद्धचा निकालही तक्त्यातून पुसला गेला. त्यामुळे चियांग माईला जाणं भाग होतं.

पाच संघांच्या गटाची एक गंमत आहे. प्रत्येक फेरीत दोन सामने होतात आणि एक संघ बसून राहतो. भारताची विश्रांती दुसऱ्याच फेरीत आली. म्हणजे २३ जूनला मंगोलिया, मग सहा दिवसांनी तिमोर-लेस्ते, आणि तिथून पुढे २९ जून, २ जुलै, ५ जुलै असे सात दिवसांत तीन सामने. विश्रांती लवकर मिळाली तर ती फारशी कामाची नसते, कारण पाय तेव्हा ताजेच असतात. थकवा शेवटी येतो. म्हणून इराकविरुद्ध आघाडी घेतल्यावर प्रशिक्षकासमोर खरा पेच उभा राहतो. मुख्य खेळाडूंना बाहेर काढून थायलंडसाठी राखायचं, की मैदानात ठेवून आणखी गोल काढायचे? बदली खेळाडू पाचच, आणि खेळ चालू असताना त्या उतरवायच्या फक्त तीन संधी. मध्यंतरातले बदल त्यात मोजत नाहीत, त्यामुळे शहाणा प्रशिक्षक दोन-तीन जणींना तिथंच बदलून टाकतो.

आता ऐकणाऱ्यांचा नेहमी होणारा घोटाळा. दोन संघांचे गुण समान झाले की आपण लगेच गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल, बघतो. विश्वचषकात २०२३ साली तसंच होतं, आधी गटातला एकूण गोलफरक. पण आशियाई फुटबॉल महासंघाचा क्रम वेगळा. आधी बघायचं, बरोबरीतल्या संघांच्या आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं. मग आपसातला गोलफरक, मग आपसातले गोल. ते सगळं समान असेल तरच गटातला एकूण गोलफरक आणि मग एकूण गोल. तेही समान असतील, बरोबरीत दोनच संघ असतील आणि शेवटच्या फेरीत तेच दोघे समोरासमोर असतील, तर सामना संपल्या संपल्या थेट पेनल्टी शूटआउट. जादा वेळ नाही. त्याच्याही पुढे कार्डांचा हिशेब येतो. पिवळ्याचा १ गुण वजा, दुसऱ्या पिवळ्यानं आलेल्या लाल कार्डाचे ३, थेट लालचेही ३, पिवळ्यानंतर थेट लाल दाखवलं तर ४. आणि सगळ्यात शेवटी चिठ्ठ्या.

हा क्रम लक्षात ठेवून त्या १३ गोलांकडे पुन्हा बघा. भारत-थायलंड सामना कुणीही जिंकला असता तर तो संघ १२ गुणांवर गेला असता आणि आधीच्या गोलांना काही किंमत उरली नसती. ते गोल कामाला येणार होते फक्त बरोबरी झाली तर. आणि त्या एका शक्यतेसाठीही दोघींचे आकडे समसमान निघाले! तिमोर-लेस्तेविरुद्ध भारताचा पाचवा गोल झाला असता, फक्त एक, तर थायलंडशी बरोबरीही पुरली असती. चार गोलांची आघाडी असताना जाळ्यातला चेंडू उचलून मधल्या वर्तुळाकडे पळणारी खेळाडू दिसली तर तिला हावरट म्हणू नका, तिनं नियम वाचलेत.

चेंडूमागे दहा जणी उभ्या करणाऱ्या संघाविरुद्ध तो पाचवा गोल निघत नाही, याचं कारण बहुधा मधूनच घुसायचा हट्ट असतं. गर्दी मधे असते. चेंडू कडेला नेऊन गोलरेषेजवळून मागे ओढला, तर बचावातल्या खेळाडूंचं तोंड स्वतःच्याच गोलाकडे होतं आणि धावत येणारी आक्रमक मोकळी सापडते. लांबून उंच क्रॉस टाकत राहणं म्हणजे गोलरक्षिकेला झेलण्याचा सराव देणं.

तक्ता घरी मांडत असाल तर तपासायच्या तीन खुणा सांगतो. सगळ्या संघांच्या गोलफरकांची बेरीज शून्य आलीच पाहिजे. केलेल्या गोलांची एकूण बेरीज खाल्लेल्या गोलांइतकी हवी. आणि पाच संघांच्या गटात दहा सामने होतात, म्हणजे एकूण गुण ३०, त्यातून जितक्या बरोबरी झाल्या तितके वजा, कारण बरोबरीत तीनऐवजी दोनच गुण वाटले जातात. यातलं एक जरी जुळलं नाही तर कुठेतरी आकडा चुकीचा लिहिलाय, असं समजा.

आता सामन्याकडे. जागतिक क्रमवारीत थायलंड ४६ वा, भारत ७० वा. थायलंड २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक खेळलेला, वर मैदान घरचं. प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्रींच्या भारतीय संघानं अर्ध्या तासाच्या आत आघाडी घेतली, गोल संगीता बासफोरचा. मध्यंतरानंतर दोनच मिनिटांत, ४७ व्या मिनिटाला, थायलंडनं बरोबरी साधली. त्या क्षणी तक्ता पुन्हा तसाच झाला. दोघींचे केलेले गोल २३, खाल्लेला १. तिथून पुढची २७ मिनिटं हा सामना शूटआउटच्या दिशेनं चालला होता. अशा वेळी बदली खेळाडू निवडणंही अवघड होतं, कारण शेवटच्या शिट्टीला जी मैदानात असेल तिलाच पेनल्टी मारता येते. थकलेली पण पेनल्टीत भरवशाची खेळाडू बाहेर काढायची का? ७४ व्या मिनिटाला संगीतानंच दुसरा गोल केला आणि तो प्रश्न मिटवला. भारत २, थायलंड १. पात्रता फेरी खेळून महिला आशिया चषकात जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ.

शूटआउटचा नियम पुस्तकातच राहतो असं समजू नका. त्याच फेरीत 'फ' गटात नेपाळ आणि उझबेकिस्तान सगळ्या बाबतींत समान येऊन शेवटच्या सामन्यात ३-३ वर थांबले. पेनल्टीवर उझबेकिस्तान आत गेला, नेपाळ घरी.

मुख्य स्पर्धेत मात्र हिशेबाची तऱ्हा बदलते. मार्च २०२६, ऑस्ट्रेलिया, १२ संघ, चार-चारांचे तीन गट. भारत जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) यांच्यासोबत. प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या तिघांपैकी दोन. हे तिघे एकमेकांशी खेळलेलेच नसतात, त्यामुळे तिथं गुणांनंतर थेट एकूण गोलफरक बोलतो. जपानकडून हरताना दोन गोल खाल्ले की सहा, हा फरक तिथं मोजला जातो.