वेताळ, बहादूर आणि गंजलेली पिन

नमस्कार श्रोतेहो. दिवाळीची आवराआवर सुरू झाली की इंदूरच्या मराठी घरांतनं मला एकच प्रश्न यायला लागतो, माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी कॉमिक्स सापडलीत, वेताळ आहे, जादूगार मँड्रेक आहे, अमर चित्र कथा आहेत, अटालेवाल्याला देऊन टाकू की ह्यांना काही भाव येतो? आजचं सगळं बोलणं ह्याच प्रश्नावर. पहिली गोष्ट म्हणजे अटालेवाल्याला थांबवा, हे किलोनं द्यायचं नाही. आणि दुसरी, भाव विचारायच्या आधी अंकाची अवस्था बघायला शिका, कारण ह्या धंद्यात अवस्था आधी ठरते, भाव नंतर.

आधी थोडं इंद्रजालबद्दल, कारण ट्रंकेत बहुतेक तेच निघतं. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, पहिला अंक वेताळाचाच, म्हणजे ली फॉकनं १९३६ मध्ये वर्तमानपत्रात आणलेला तो फँटम. आधी महिन्याला, मग पंधरवड्याला, मग दर आठवड्याला असं करत १९९० मध्ये ते बंद पडलं तेव्हा नंबर ८०५ पर्यंत पोचला होता. पण छापले गेले ८०३च, कारण १२३ आणि १२४ हे दोन अंक संपामुळे निघालेच नाहीत. तेव्हा कुणी तुम्हाला १२३ नंबरचा फार दुर्मिळ अंक आहे म्हणून सांगायला लागला तर हात जोडायचे आणि निघायचं.

आपल्या इंदूरची एक गंमत आहे जी पुण्या-मुंबईच्या संग्राहकांना सांगितली की ते कान टवकारतात. इथं एकाच घरात तीन भाषांतले अंक सापडतात. हिंदी इथल्या स्टॉलवरनं घेतलेले, इंग्रजी कुणी कॉन्व्हेंटमध्ये जाणाऱ्या भावंडानं जमवलेले, आणि मराठी बहुतेक बाहेरनं आलेले, मे महिन्यात मामाकडे जाताना-येताना घेतलेले, कारण तेव्हा मुंबईला जायचं तर मीटरगेजच्या गाडीनं महू-पाताळपाणी करत खंडव्याला उतरायचं, तिथं ब्रॉडगेजची गाडी पकडायची, आणि त्या मधल्या वेळात प्लॅटफॉर्मवरच्या बुकस्टॉलपुढे पोरं हटून बसायची. आज बाजारात मला तरी मराठी अंक हिंदी-इंग्रजीपेक्षा खूप कमी दिसतात. म्हणून मराठी वेताळ निघाला तर तो वेगळा काढून ठेवा, हिंदी वेतालाच्या गठ्ठ्यात कोंबू नका.

आता ग्रेडिंग, म्हणजे अंकाच्या अवस्थेला मार्क देणं. अमेरिकेत हे फार शिस्तीत चालतं. तिथं १९७० पासून ओव्हरस्ट्रीट नावाची भावांची मार्गदर्शिका निघते आणि २००० पासून सीजीसी नावाची कंपनी अंक तपासून दहापैकी मार्क देते आणि जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत सील करून देते, त्याला स्लॅब म्हणतात. सगळ्यात खाली पुअर ०.५, मग फेअर १, गुड २, व्हेरी गुड ४, फाइन ६, व्हेरी फाइन ८, निअर मिंट ९.४, आणि वर मिंट. तुम्ही जाहिरातीत नुसतं गुड कंडिशन लिहिता तेव्हा जाणकार माणूस दहापैकी दोन समजतो, म्हणून नुसता शब्द लिहू नका, आकडा लिहा आणि त्याच्यापुढे दोष लिहा. तिकडे अवस्थेला किती किंमत आहे बघायचं तर १९३८ चा अ‍ॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक घ्या, सुपरमॅन पहिल्यांदा आला तो, दहा सेंटचा. त्याची ८.५ ग्रेडची प्रत २०२४ मध्ये लिलावात साठ लाख डॉलरला गेली. फाटकी प्रतही महागच जाते, पण तिच्या जवळपास कुठं पोचत नाही.

पण ही पट्टी आपल्या अंकांना जशीच्या तशी लावू नये असं माझं ठाम मत आहे. आपली कॉमिक्स कुणी कपाटात जपायला घेतलीच नव्हती, ती हातोहात फिरली, गल्लीतल्या लायब्ररीत पंचवीस-पन्नास पैसे रोजानं भाड्यानं गेली, उशाखाली, दप्तरात, जेवणाच्या ताटाशेजारी वाचली गेली. लायब्ररीवाला आल्या आल्या कव्हरवर शिक्का मारायचा, पाठीला जाड दोरा घालून शिवायचा. घरची असली तर वडीलधारी दहा-बारा अंक एकत्र बाइंडिंगला द्यायचे आणि बाइंडर तीन बाजूंनी कटिंग मारून द्यायचा, वरचं टायटलसुद्धा जरा कापलं जायचं. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातला इंद्रजाल सहाच्या ग्रेडचा मिळाला तर ती मोठी गोष्ट आहे, आणि चारच्या ग्रेडचा, सगळी पानं असलेला, कव्हर घट्ट असलेला अंक कुणी स्वस्तात मागत असेल तर त्याला नाही म्हणायला शिका. शिक्क्याची प्रत म्हणजे कचरा असं बोलणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. शिक्का हा दोष आहे, तो लिहायचा, त्याचे मार्क कापायचे, पण ती प्रत कुठल्या गल्लीत किती हातांतून गेली ह्याचा तो एकुलता एक पुरावा असतो, त्याचंही मोल आहे.

बरं, आता प्रत्यक्ष एक अंक हातात घेऊ. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, टेबलावर स्वच्छ सुती कापड टाका, खिडकीजवळ बसा पण अंकावर ऊन नको. आधी पाठ बघा, ज्याला स्पाइन म्हणतात, म्हणजे जिथं पिना आहेत ती कडा. अंक जरा तिरका धरा म्हणजे उजेड सरपटत जाईल आणि घड्या दिसतील. घडीवर छपाईचा रंग तुटून पांढरी रेघ आली असेल तर मार्क जास्त जातात, रंग शाबूत असेल तर कमी. मग पिना. आपल्याकडे चार महिने पावसाळ्याची ओल, त्यामुळे पीन गंजते आणि तिच्याभोवती कागदावर तांबूस गोल पसरतो. तिथला कागद नखानं सुद्धा खरवडू नका, तो बिस्किटासारखा तुटतो. मधलं पान हलवून बघा, फक्त दोन पिनांवर लटकलेलं असतं आणि सगळ्यात आधी तेच गळतं. मग एक-एक करून सगळी पानं मोजा. कोडी पेन्सिलनं सोडवलीत का, कूपन कापलंय का, कव्हरवर कुणाचं नाव पेननं लिहिलंय का. आणि मागचं कव्हर नक्की बघा, कारण सुरुवातीच्या अंकांच्या मागे पोस्टरसारखं मोठं चित्र असायचं, बी. गोविंद ह्यांच्या हातचं, ते मुलं कापून भिंतीला चिकटवायची. हे तेच गोविंद ज्यांनी पुढे १९७६ मध्ये आबिद सुरतींच्या बहादूरला चेहरा दिला, डाकूंशी लढणारा आपला देशी हिरो. माझ्या लेखी इंद्रजालची सगळ्यात मोठी कमाई बहादूरच, वेताळप्रेमींनी राग मानू नये.

आता एक सांगतो ते मनावर घ्या. दुरुस्ती करू नका. विकायचं म्हणून लोक आदल्या रात्री बसून फाटक्या पानाला सेलोटेप लावतात, कव्हर लॅमिनेट करून आणतात, कडा वाकड्यातिकड्या दिसतात म्हणून कात्रीनं सरळ करतात. टेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग टेप निघून पडते पण डाग राहतो. लॅमिनेशन तर परत निघतच नाही. सीजीसीवाले सुद्धा रंग भरलेल्या, तुकडे जोडलेल्या अंकाला वेगळ्या जांभळ्या रंगाचं लेबल लावतात आणि भाव पडतो. फाटलंय ते फाटलंय, फोटोत दाखवा, मापासकट लिहा. घेणारा फाटक्याला पैसे देतो, लपवलेल्याला देत नाही, आणि एकदा लपवलेलं सापडलं की तो तुमच्याकडे परत येत नाही, उलट अजून दहा जणांना सांगतो.

फसवाफसवी पण चालते, तेव्हा घेणाऱ्यांनीही जपून. कव्हर नसलेल्या अंकाला कलर प्रिंट काढून कव्हर चढवतात. साधं भिंग घ्या, जुन्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके नीट रांगेत, एका जाळीत दिसतात, आणि स्कॅन करून मारलेल्या प्रिंटमध्ये ती जाळी गढूळ होते, टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची पूड, असला तर तिरक्या उजेडात पृष्ठावर चमकतो. आणखी म्हणजे कव्हर आणि आतली पानं एकाच वयाची दिसायला हवीत, आतलं पान चहाच्या रंगाचं आणि कव्हर पांढरंशुभ्र असं होत नाही.

अमर चित्र कथेचं वेगळंच प्रकरण आहे. अनंत पै ह्यांनी १९६७ मध्ये ती सुरू केली आणि कृष्णाचा अंक ११ नंबरचा, त्याच्या आधीचे दहा नंबर परदेशी परीकथांचे. लोकांना वाटतं की कृष्ण सापडला म्हणजे लॉटरी लागली, पण हे अंक परत परत छापले गेलेत, त्याच नंबरनं, तेव्हा नुसत्या नंबरवर जाऊ नका. कव्हरवरची किंमत बघा, आणि आत किंवा मागे तोपर्यंत निघालेल्या अंकांची यादी असते ती शेवटपर्यंत वाचा. ११ नंबरच्या अंकातली यादी जर दोनशेच्या पुढे जात असेल तर तो फर्स्ट प्रिंट असूच शकत नाही, बरोबर ना? आणि ५०१ च्या पुढचे नंबर दिसले तर ती नंतरची, जाड कव्हरची नव्यानं नंबर दिलेली मालिका. वाचायला उत्तम, पण जुन्याच्या भावानं घेऊ नका.

ठेवायचं कसं ते थोडक्यात. हा वर्तमानपत्राचा कागद, लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन हवेनं आणि उजेडानं पिवळं पडतं आणि कागदात आम्ल वाढतं, ते पूर्ण थांबत नाही पण मंद करता येतं. पत्र्याखालचा माळा नको, मे महिन्यात तिथं भट्टी असते. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, कागदाला चिकटतात, पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. डांबरगोळ्या अंकाला टेकवू नका. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात चालेल, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा.

विकताना मात्र घाई नको. कुणी काय भाव सांगितलाय हा भाव नव्हे, कितीला खरंच विकलं गेलं तो भाव. ऑनलाइन एक अंक पाच-पाच हजाराला लावलेला दिसतो आणि वर्षभर तिथंच लटकलेला असतो, त्यावरनं घरच्या गठ्ठ्याचा हिशोब मांडू नका. सगळा गठ्ठा एकदम विकला तर पैसे कमी येतात पण एका दिवसात मोकळं होता, सुटे विकले तर जास्त येतात पण फोटो, पॅकिंग, उत्तरं देणं ह्यात महिने जातात. खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकवाल्यांना दाखवायला हरकत नाही, पण यादी करून जा, नंबर, भाषा, ग्रेड, दोष, आणि चांगले दहा काढून घेतो बाकीचे तुम्ही ठेवा असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा, कारण गठ्ठ्याची किंमत त्या दहांतच असते. आणि पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर विकणाऱ्यांकडून घेऊ नका, त्यांना स्कॅनसाठी अंकही देऊ नका, तुमची प्रत तुमची आहे, छापायचा हक्क तुमचा नाही.

आणि पाठवायचा झाला तर अंक पिशवीत, दोन्ही बाजूंना अंकापेक्षा बोटभर मोठे पुठ्ठे, टेप फक्त पुठ्ठ्यांना, पिशवीच्या तोंडाला नाही, कारण उघडताना तीच टेप कव्हरला लागते आणि सोलून काढते. वरनं प्लॅस्टिक, मग कागद, आणि स्पीड पोस्ट. पार्सल बंद करायच्या आधी प्रत्येक पानाचा नाही तरी कव्हरचा, पिनांचा आणि मधल्या पानाचा फोटो काढून घेणाऱ्याला पाठवून द्या. नमस्कार.