काळ्या मातीत परसातली वाट: आधी ढाळ, मग फरशी

नमस्कार मंडळी. परसबागेच्या व्हिडिओखाली सारखं एकच विचारताय, ताई, घरामागची जागा कमी खर्चात छान कशी करायची? आता कुंड्या रंगवा, शेणखत घाला, झाडं लावा, हे तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय वाटेवर. कारण आपल्या सांगली-मिरजेकडं, कृष्णाकाठाला, सगळी काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट शहाबादी टाकली की एका पावसाळ्यात एक कोपरा वर, एक खाली, आणि म्हातारी माणसं अडखळतात त्यावर.

सहा-सात इंच माती काढा. चार इंच मुरूम, दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं ठोकायचा, टाचेनं दाबलं तरी खूण उठता कामा नये. वर दीड इंच कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, मग फरशी. सांध्यात सिमेंट नको, कचच झाडून भरा, म्हणजे माती हलली तर एक फरशी उचलून परत बसवता येते.

आता खरं काम, ढाळ. घराकडनं बाहेर, दहा फुटाला दोन ते अडीच इंच. आणि हा ढाळ मुरमातच काढायचा, कचीत नाही! लोक खड्डा सपाट खणतात, मुरूम सपाट ठोकतात आणि वर कच कमी-जास्त करून उतार दाखवतात. जिथं कच जाड तिथं ती जास्त बसणार, म्हणजे ढाळ गेलाच. शिवाय फरशीवरनं पाणी वाहताना दिसतं, पण सांध्यातनं खाली मुरलेलं पाणी सपाट खड्ड्यात तसंच थांबतं आणि काळी माती तेच पाणी पिऊन फुगते. मिरजेत आमच्या आत्याच्या घरामागं मिस्त्रीनं ढाळ चक्क घराकडं काढला होता, तर स्वयंपाकघराच्या भिंतीला वीतभर उंच ओल आणि गिलाव्याचे पोपडे. सगळं उखडून परत केलं तेव्हा भिंत वाळली. म्हणून सांगते, मुरूम ठोकून झाला की फरशी आणायच्या आधी लेव्हल पाईप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावून उतार तपासा, आणि वर एक बादली पाणी ओतून बघा कुठं जातंय.

एकानं लिहिलंय, मुरमाखाली प्लॅस्टिक अंथरलं तर गवत येत नाही. अहो, गवताचं बी वरनं सांध्यात पडतं, प्लॅस्टिक त्याला काय करणार? ते फक्त पाणी अडवतं. आणि ते टायर रंगवून झाडं लावायचं चाललंय ना, त्यात पाणी साठतं आणि डेंग्यूचे डास तिथंच वाढतात, लावायचंच असेल तर खालनं भोकं पाडा.

मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे मांडव. तासगावकडं जुनी द्राक्षबाग मोडली की अँगल आणि तारा भंगाराच्या भावात मिळतात. मामांनी चार अँगल दिले, पाय दीड फूट खोल काँक्रीटमधे रोवले, वर तारा ताणल्या, आता दोडका आणि कृष्णकमळ एकत्र चढलेत, सकाळी त्या सावलीत भाजी निवडायला बसतो आम्ही. खाली आळ्यात उसाचं पाचट, तीन इंच, खोडापासून वीतभर लांब. मोरीच्या पाण्यावर कर्दळ आणि अळू, ते तर आपल्याकडं पूर्वीपासनंच आहे. कडेला जुनी कौलं उभी रोवा, विटांचा खर्च वाचतो.

खणायचं काम दिवाळीनंतर काढा, पावसात ही माती फावड्याला चिकटते आणि मे महिन्यात पहार लागते. मुरूम किती, हे पण विचारताय. वीस फूट लांब, तीन फूट रुंद वाटेला चार इंचानं वीस घनफूट होतो, ब्रास म्हणजे शंभर घनफूट, ठोकल्यावर मुरूम बसतो म्हणून पाव ब्रासपेक्षा थोडा जास्तच सांगा.