फोटो काढा, छापा आणि नेऊन द्या

नमस्कार श्रोतेहो.

आज मी फोटो काढण्याच्या छंदाविषयी बोलणार आहे, आणि त्याहून जास्त भीड चेपण्याविषयी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कुठूनही ऐकत असाल, तुमच्या घरात एक तरी माणूस असा असेल जो चारचौघांत तोंड उघडत नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो. त्याला किंवा तिला जरा रेडिओजवळ बोलवा.

कॅमेरा कुठला घ्यावा, हे मला सारखं विचारलं जातं. सुरुवातीला कुठलाच घेऊ नका. घरात फोन आहे, तो पुरे. फक्त त्याची काच पुसा. पिशवीत, खिशात, स्वयंपाकाच्या हातात फिरून फिरून त्या बारक्या काचेवर तेलाचा हात बसलेला असतो आणि फोटो धुरकट येतात. सुती पदराने पुसली तरी चालते. दुसरं म्हणजे उजेड. दुपारी बाराला ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांखाली काळोख पडतो, धडधाकट माणूस आजारी दिसतो. सकाळचं कोवळं ऊन आणि दिवेलागणीच्या आधीचं ऊन तिरपं येतं, चेहरा भरलेला दिसतो. घरात काढायचा असेल तर ट्यूबलाइट बंद करा आणि माणसाला खिडकीशी बसवा. आणि तिसरं, ज्याचा फोटो काढायचा त्याला विचारा. काच पुसा, उजेड बघा, माणसाला विचारा. तंत्राचं आज एवढंच.

सरावाला जागा हवी असेल तर आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत जा. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, 1204 साली बांधलेली ही जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिर. आत गेलं की वर छताला दगडाचं कमळ आहे, 72 पाकळ्यांचं. मान वर करून, हात उंचावून त्याचा फोटो काढू नका, हात हलतो, आणि अंधारात हललेला हात लगेच दिसतो. तिथल्या राखणदाराला विचारा, फोन जमिनीवर उताणा ठेवा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. कमळ बरोबर मधोमध, स्थिर येतं. एक सांभाळा, किल्ल्याच्या परिसरात लष्कराची ठिकाणं आहेत. तिकडे फोन रोखायचा नाही.

बस्तीतून बाहेर पडून शहरात आलात की चौकाचौकात वाढदिवसाचे फलक दिसतील. मला त्यांचा फार त्रास होतो. कौलारू घरांची, लाकडी सज्जांची जी काही ओळ शहापुरात आणि जुन्या गल्ल्यांत उरली आहे, तिच्यासमोर हे फलक उभे राहतात. घर पाडलं जातं तेव्हा त्याचा एकसुद्धा धड फोटो कुणाकडे नसतो. तुमच्या आजोळचं घर अजून उभं असेल तर या रविवारी जाऊन त्याचा फोटो काढा. उंबऱ्याचा, न्हाणीघराचा, माळ्याच्या शिडीचा. हे विषयाला सोडून झालं खरं, पण बोलल्यावाचून राहवत नाही.

आता मुद्दा. फोटो काढा, तो कागदावर छापा आणि ज्याचा आहे त्याच्या हातात नेऊन द्या. आज मला एवढंच सांगायचंय. फोटो काढा, छापा, नेऊन द्या. फोनात राहिलेले फोटो कुणी परत बघत नाही. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले होते. आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे आणि मग हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. हरिपद मित्रांनी आग्रह केला म्हणून इथल्या एस. महादेव अँड सन या छायाचित्रकारांकडे त्यांचा फोटो निघाला. शिकागोला जायच्या आधीचे विवेकानंद आपल्याला आज दिसतात ते अशाच मोजक्या फोटोंतून, आणि ते दिसतात कारण ते फोटो कागदावर उतरले होते.

तर आता एका मुलीची गोष्ट सांगते.

खानापूरकडच्या एका खेड्यातली ही मुलगी. दहावीपर्यंत मराठी शाळा, गावात सगळे मराठी. पुढे शिकायला म्हणून शहापुरात मावशीकडे आली, आणि गप्प झाली. वर्गात इंग्रजी, ऑफिसात कन्नड, मैत्रिणींच्यात तिन्हींची सरमिसळ. कन्नड तिला येत नव्हतं असं नाही. शाळेत विषय होता, पाटी वाचता यायची, कागद वाचता यायचा. तोंडातून मात्र शब्द फुटत नसे. चुकलं तर हसतील, ही धास्ती. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्थानकावर, बस उभी असायची, ती आपल्या गावाला जाते का एवढं कंडक्टरला विचारायचं, तर ही विचारत नसे. बस जाऊ द्यायची आणि कुणी ओळखीचं येईपर्यंत थांबायची. सुट्टीला घरी जायला तिला अंधार व्हायचा.

तिची मावशी माझी शेजारीण. एक दिवस ती म्हणाली, "वैनी, हिला तुमच्याबरोबर घेऊन जा की फोटो काढायला. घरात नुसती बसून असते." मी रविवारी सकाळी काही मंडळींबरोबर फिरते, तिला घेतलं. ती फोटो काढायची, पण कशाचे? दारांचे, पायऱ्यांचे, सायकलींचे. माणूस एकही नाही. मी काही बोलले नाही. फक्त एका रविवारी वडगावात नेलं, मागवाल्यांच्या गल्लीत.

वडगाव-शहापूर म्हणजे विणकरांची वस्ती. हातमाग आता फारसे उरले नाहीत, यंत्रमागांचा खडखडाट रस्त्यावर ऐकू येतो. एका घराचं दार उघडं होतं. आत अंधार, आणि छपरात कौलांच्या मध्ये एक काचेचं कौल. त्या कौलातून उन्हाची पट्टी खाली उतरली होती आणि बरोबर त्या पट्टीत एक म्हातारी रहाटावर कांड्या भरत बसली होती. मुलगी दारातच थबकली. मला म्हणाली, "काकू, तुम्ही विचारा." मी म्हटलं, "फोटो तुला पाहिजे, तूच विचार." आणि मी पुढे निघून गेले. मुद्दाम गेले. कोपऱ्यावर जाऊन थांबले.

नंतर तिनेच सांगितलं. ती बराच वेळ दारात उभी राहिली. म्हातारीनेच शेवटी मान वर करून बघितलं. तेव्हा हिच्या तोंडून कसंबसं निघालं, "फोटो तेगीलेन्री?" म्हणजे फोटो काढू का? म्हातारी म्हणाली, "तेगी, तेगी. ओळग बा." काढ, काढ, आत ये. झालं, आत बोलावणं आलं.

आता इथे एक बारकी गोष्ट सांगते, कारण ती तुम्हालाही लागणार आहे. अंधाऱ्या घरात फोनला वाटतं की सगळंच काळं आहे, म्हणून तो सगळं उजळवतो, आणि उन्हात असलेला चेहरा पांढरा फटक होऊन जातो. अशा वेळी पडद्यावर त्या उजळ भागावरच बोट टेकवायचं. बाजूला बारीक सूर्य दिसतो, तो बोटाने खाली ओढायचा. भिंती काळोखात जातात आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसायला लागतात. मुलीने तेच केलं. रहाट फिरत होता, त्याचं चाक धूसर आलं, पण सूत धरलेली बोटं स्थिर, अगदी कातीव. विलक्षण फोटो होता तो. मी अजूनही म्हणते, त्या वर्षी आमच्यात कुणाला त्याच्या तोडीचा फोटो मिळाला नाही.

खडेबाजारातून तिने तो छापून आणला आणि पुढच्या रविवारी एकटी गेली द्यायला. म्हातारीने हात पदराला पुसले, फोटो हातात घेतला, दारापाशी उजेडात नेऊन बघितला आणि परत दिला. म्हणाली, हा नको. केस विस्कटलेले आहेत, अंगावर घरातली फाटकी साडी आहे, डोळे खाली आहेत, मेल्या माणसासारखे. आणि माग कुठाय? माझ्या नवऱ्याचा माग मागे आहे तो दिसतच नाही. उद्या ये, मी नीट तयार होऊन बसते.

श्रोतेहो, विचार करा. जिने आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी घरात पाऊल टाकलं, पदरच्या पैशाने फोटो छापला, तिला हे ऐकावं लागलं. आणि तेही ज्या भाषेची भीती, त्याच भाषेत. मावशीला वाटलं, आता ही परत खोलीत बसणार. पण झालं वेगळंच. घरी आली ती थेट माझ्याकडे, चिडलेली. "काकू, तिला कळत नाही. इतका चांगला फोटो." मी म्हटलं, "तिला सांग की मग हे." "सांगणारच आहे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर गेली. म्हातारी इरकली साडी नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून, केस चोपून बसली होती. म्हातारा गेला नव्हता हो, आतल्या खोलीत होता. त्यालाही टोपी घालून बाहेर आणून बसवला होता. हातमाग बंद पडलेला, त्याच्यावर घोंगडी टाकलेली, ती काढून माग झटकून ठेवलेला. दोघं ताठ, हात गुडघ्यांवर, स्टुडिओत बसतात तशी. मुलीने तो फोटो काढला. मग मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये वाद घातला, की आधीचा फोटो का चांगला. उन्हाची पट्टी दाखवली, बोटं दाखवली. म्हातारी काही पटवून घेईना. पण म्हाताऱ्याने तो पहिला फोटो हातात घेतला, खूप वेळ बघितला, आणि म्हणाला हा मला राहू दे.

दोन्ही फोटो त्या घरात राहिले. तिचा देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर, त्याचा उशाशी.

मग गल्लीत बातमी फुटली. शेजारची बाई म्हणाली, "नम्दू तेगी," आमचाही काढ. तिची सून म्हणाली, लेकराचा काढ. पोरं तर तिला लांबून बघूनच ओरडायला लागली, "फोटो हुडुगी बंद्लु!" फोटोवाली मुलगी आली! घरोघर "चा कुडी", चहा घे. छपाईचे पैसे लोक आपणहून द्यायला लागले. आणि प्रत्येक घरात फोटो परत नेऊन द्यायचा म्हणजे पुन्हा दार वाजवायचं, पुन्हा बोलायचं. ती दारं वाजवत गेली. तिचं कन्नड चुकायचं, लोक हसायचेही, आणि हसून झालं की पुढच्या रविवारी कधी येणार ते विचारायचे.

वर्षभराने म्हातारीचा म्हातारपणाच्या पेन्शनचा अर्ज भरायचा होता. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिने कुणाला बोलावलं असेल? हिलाच. पासपोर्ट फोटोही हिनेच काढला, अर्ज हिनेच भरला आणि खिडकीवर हीच उभी राहिली. आतल्या माणसाने एक कागद कमी आहे म्हणून परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा मागे एवढी रांग असताना तिने विचारलं, कुठला कागद, कुठे मिळतो, आणि आज आणला तर आज घेणार का. कन्नडमध्ये. तो माणूस म्हणाला, चारपर्यंत आणा. साडेतीनला कागद खिडकीवर होता. सीबीटीवर बस सोडून देणारी ही मुलगी. मला म्हातारीनेच हे सांगितलं, मुलीने नाही.

आता वेळ थोडा उरला आहे, तेव्हा भराभर सांगते. बायका मला म्हणतात, रस्त्यावर फोन घेऊन उभं राहिलं की लोक बघतात. बघू द्या. होमाई व्यारावाला, 1913 साली जन्मलेल्या आपल्या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, साडी नेसून, अवजड कॅमेरा खांद्याला लावून दिल्लीच्या पुढाऱ्यांच्या गर्दीत उभ्या राहायच्या. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपल्याला तर गल्लीत उभं राहायचंय.

गोकाकचा धबधबा पावसाळ्यात सगळेच काढतात, तुम्हीही काढा, पण कड्याजवळ पाठ करून उभे राहू नका. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. तिथे रथाचा फोटो घेण्यापेक्षा रथावर शिवबा झालेल्या पोराचा घ्या, झोप आलेली असते त्याला, आणि मग त्याचं घर शोधून नेऊन द्या. रोप लावणीच्या वेळी शेतात जाणार असाल तर बांधावरून काढा, चिखलात उतरून बायकांच्या कामात येऊ नका. विश्रांतीला त्या बांधावर बसल्या की मग विचारा.

पहिला फोटो घरच्याच माणसाचा काढा. आईचा, आज्जीचा, सासऱ्यांचा. त्यांना आवडला नाही तर त्यांना हवा तसा परत काढा. फोटो काढा, छापा, नेऊन द्या.

छापताना दुकानदाराला चार बाय सहा सांगा आणि कागद मॅट मागा, चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उठतात. मागच्या बाजूला नाव, गाव आणि तारीख लिहा, पण पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. आणि देताना पाकिटात घालून द्या.

नमस्कार.