डबा घेऊन कामावर जाणारा गायक : बिल विदर्स

१९७१ सालच्या 'जस्ट ॲज आय ॲम' या अल्बमचं मुखपृष्ठ डोळ्यांसमोर आणा. कारखान्याच्या आवारात उभा असलेला एक माणूस, हातात जेवणाचा डबा. हा अमेरिकी गायक बिल विदर्स. जागा खरी आहे आणि नोकरीही खरी. लॉस एंजेलिसजवळच्या बर्बँकमध्ये, वेबर एअरक्राफ्टच्या कारखान्यात तो विमानांत बसवायची शौचालयं बनवायचा. तिशी उलटून गेलेली. पहिला अल्बम हाती आला तरी त्याला गाण्याच्या धंद्याचा भरवसा वाटत नव्हता. हातची नोकरी सोडायला तो तयार नव्हता.

त्याचा जन्म ४ जुलै १९३८ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसा खाणीच्या गावचा. बालपण जवळच्या बेकलीत गेलं. तेराव्या वर्षी वडील गेले. त्यात बोलताना तो अडखळायचा, शब्द तोंडातच अडकायचे. नौदलात नऊ वर्षं काढली, तिथे हळूहळू जिभेची गाठ सुटत गेली. मला वाटतं, त्याच्या गाण्यांत एकही शब्द वाया जात नाही, त्याचं मूळ इथेच असावं. ज्याला प्रत्येक शब्दासाठी झगडावं लागलं, तो शब्द उधळत नाही.

त्याच्यावर पहिला संस्कार चर्चचा, आणि तोही आजीमुळे. 'ग्रँडमाज हँड्स' ऐका. रविवारी सकाळी टाळ्या वाजवणारे, खंजिरी वाजवणारे हात. तेच हात कधी दुखतात, सुजतात. पडणाऱ्या नातवाला सावरतातही. गाणं जेमतेम दोन मिनिटांचं, पण आजी डोळ्यांसमोर उभी राहते. गॉस्पेलचा, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांचा, हा ठेका त्याच्या अंगात मुरला होता आणि डोंगराळ मुलखातलं कंट्री संगीतही कानावर पडत होतं. म्हणून त्याचं सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं गॉस्पेलमधून आलेलं संगीत, गिटार मांडीवर घेऊन गोष्ट सांगतं. त्या काळच्या झगमगीत वाद्यमेळापेक्षा ते फार वेगळं वाटतं.

क्लॅरेन्स अवांत यांच्या ससेक्स रेकॉर्ड्स या कंपनीनं त्याला संधी दिली. निर्माता होता बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीफन स्टिल्स. 'एन्ट नो सनशाइन' ध्वनिमुद्रित होत होतं. मधल्या भागात विदर्सला अजून ओळी लिहायच्या होत्या. तोवर जागा भरायला तो नुसतं 'आय नो, आय नो' म्हणत राहिला, सव्वीस वेळा. सोबतचे वादक म्हणाले, हे असंच राहू दे. या नवख्यानं त्या अनुभवी मंडळींचं ऐकलं, आणि आज लोक त्या सव्वीस 'आय नो'साठी जीव टाकतात. या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

१९७२ साली 'लीन ऑन मी' आलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. घरी पेटी असेल तर जरा वाजवून पाहा. सा रे ग म असं चढायचं आणि त्याच पायऱ्यांनी उतरायचं. नव्यानं घेतलेल्या छोट्या इलेक्ट्रिक पियानोवर बोटं वरखाली फिरवताना ही चाल सुचली, असं तो सांगायचा. शब्द मात्र स्लॅब फोर्कचे. अडीनडीला शेजाऱ्यानं धावून यायचं, ही त्या खाणीच्या गावची रीत.

त्याच वर्षी कार्नेगी हॉलमधल्या मैफलीत त्यानं व्हिएतनामहून हात गमावून परतलेल्या सैनिकाचं गाणं गायलं. सैनिक पत्र लिहायला सांगतोय, कारण त्याला डाव्या हातानं लिहिता येत नाही. युद्धाबद्दल भाषण नाही, फक्त एक पत्र.

पुढे ससेक्स बंद पडली आणि तो कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीकडे गेला. १९७७ च्या 'लव्हली डे'मध्ये शेवटाकडे त्यानं एकच सूर अठरा सेकंद धरलाय. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरबरोबरचं 'जस्ट द टू ऑफ अस'ही खूप गाजलं. पण कंपनीतली माणसं त्याची गाणी नाकारायची, दुसऱ्यांची गाणी गा असं सुचवायची. १९८५ च्या अल्बमनंतर त्यानं हा व्यवसायच सोडला. काहींना तो पराभव वाटतो. मला नाही वाटत. आपली गाणी त्यानं आपल्या हातात ठेवली होती. त्याची पत्नी मार्शा त्यांच्या हक्कांचा कारभार बघायची. दुसऱ्याच्या तालावर गाण्याची गरजच त्याला उरली नव्हती.

२०१५ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे संगीतकारांच्या मानाच्या यादीत, त्याचं स्वागत करायला खुद्द विख्यात गायक स्टीव्ही वंडर उभा राहिला. ३० मार्च २०२० रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी विदर्स गेला. कोरोनाचे दिवस होते, आणि घरात अडकलेले लोक एकमेकांना धीर द्यायला 'लीन ऑन मी' गात होते.