बाळ फिरतंय का गं?

वाळवा तालुक्यातला उसाचा फड. पहाटेपासून कोयते चालू आहेत. बीडहून आलेल्या टोळीत एक बाई आठव्या महिन्याची आहे. मोळी बांधायला वाकते आणि कमरेवर हात ठेवूनच सरळ होते.

दुपारी आशाताई बांधावर येतात.

"बाळ फिरतंय का गं?"

"फिरत असंल, ताई. कामात कुठं ध्यान ऱ्हातंय."

खरं आहे. राबताना बाळाची हालचाल आईला कमीच जाणवते. म्हणून ताई सांगतात, रात्री कोपीत, आपल्या झोपडीत, पाठ टेकलीस की डाव्या कुशीवर हो, पोटावर हात ठेव.

पहिलटकरणीला ही हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत कळते. वार, म्हणजे बाळाला पोसणारी नाळेची गादी (प्लॅसेंटा), पुढच्या बाजूला असेल तर थोडी उशिरा. आधी नुसती हुळहुळ, मग लाथा, मग सगळं पोट एका बाजूला सरकतं. ३२व्या आठवड्यापर्यंत हालचाल वाढते आणि पुढे कळा लागेपर्यंत टिकते. "नववा लागला, आता जागा नाही, बाळ शांतच राहणार" असं घरोघरी सांगतात. ते चूक आहे, आणि त्या समजुतीपायी हातातली वेळ निघून जाते.

बाळ झोपतंही, बहुधा २० ते ४० मिनिटं. ९० मिनिटांपुढे क्वचितच. दिवसाला इतक्या लाथा हव्यात, असा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. आपलं बाळ केव्हा, किती फिरतं हे त्या आईलाच ठाऊक असतं. वारेतून प्राणवायू कमी पोचू लागला की बाळ हालचाल आवरतं घेतं. म्हणून २८ आठवड्यांनंतर नुसती शंका आली, तर डाव्या कुशीवर पडून दोन तास लक्ष द्यायचं. दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर दवाखाना गाठायचा. रोजच्यापेक्षा कमी झाल्याचं स्पष्ट कळत असेल, तर ते दोन तासही थांबायचं नाही. गूळ-पाणी देऊन सकाळची वाट बघणं तर नकोच. दवाखान्यात पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके तपासतात, गरज पडली तर सोनोग्राफी करतात. दुसऱ्यांदा तसं वाटलं तरी पुन्हा जायचं. डॉक्टरांना त्रास होईल म्हणून संकोच करायचा नाही.

इथे मात्र तिला भीती खाड्याची आहे. एक दिवस बुडला की मजुरी कापली जाते.

ताई मुकादमाकडे वळतात. "रात्री हिनं हाक मारली तर ट्रॅक्टरची वाट बघू नका, १०२ला फोन लावा. गाडीला पैसे पडत नाहीत. आणि त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही."