पुरात घर राखायचं कुणी?

(दृश्य: वैनगंगेचं पात्र, काठाला बांधलेला डोंगा)

ऑगस्ट 2020 चे शेवटचे दिवस. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाची सगळी 33 दारं उघडली, आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगा गावागावांत शिरली. असा पूर आला की बचाव पथकाची बोट दाराशी येते, बायका-पोरं चढतात, आणि घरातला म्हातारा मात्र हटून बसतो. "तुमी जा. घर कोन पाहीन?"

त्याचं चुकत नाही. ढोलीत वर्षभराचं धान आहे. दोन शेळ्या, गॅसचं सिलिंडर, पडवीत काढून ठेवलेली पाण्याची मोटार आणि तिची तांब्याची केबल. सातबारा, पासबुक, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधता येतं. 'मौल्यवान वस्तू सोबत घ्या' अशी दवंडी दिली जाते खरी, पण धानाची पोती बोटीत कोण घेऊ देतं?

मग पारावर विषय निघतोच: घरात बंदूक असती तर?

(दृश्य: रानाकाठचं शेत, जागलीचं मचाण)

रानडुकरं आणि रोह्यांमुळे (नीलगायींमुळे) जंगलाकाठी हा विषय नेहमीचाच. आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. ती परवानगी आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी भरमार बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, स्वसंरक्षणासाठीही परवाना मागता येतो. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, मग पोलिसांची चौकशी. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला.

आता ती भरमार हातात घेऊन बघा. नळीत बारूद ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, गजानं ठासायचं. एक बार उडाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. बारूद ओली झाली तर ती बंदूक म्हणजे नुसती लोखंडी नळी, आणि पुरात कोरडं काय राहतं? बरं, घर सोडलं तर बंदूक ठेवायची कुठे? चोराला धानाच्या पोत्यापेक्षा तीच जास्त कामाची.

कायदा हात बांधून ठेवत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 41 सांगतं की दरोडा, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला आग, अशा वेळी मालमत्ता वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो बचाव ठरू शकतो. पण कलम 37 ची मर्यादा वर आहेच: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. भरदिवसा मोटार उचलून निघालेल्या, अंगावर न आलेल्या चोराला गोळी घालून मारलं, तर खटला गोळी घालणाऱ्यावर चालेल.

(दृश्य: जगाच्या नकाशावर न्यू ऑर्लिन्स)

अमेरिकेत शस्त्राचा हक्क 1791 पासून संविधानातच आहे. 2005 मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा पोलिसांनी नागरिकांच्या बंदुका काढून घेतल्या. त्यावर इतका गदारोळ झाला की आपत्तीत अशी जप्ती करू नये, असा कायदाच 2006 मध्ये झाला. त्याच पुरात अल्जीयर्स पॉइंट वस्तीत मात्र काही गोऱ्या रहिवाशांनी लुटारू समजून कृष्णवर्णीय माणसांवर गोळ्या झाडल्या. अंधारात, पाण्यात, घाबरलेल्या माणसाला चोर आणि शेजारी सारखेच दिसतात. आपल्या गावात तर लाइट गेल्यावर नातलगच टॉर्च घेऊन घर बघायला येतात.

(दृश्य: ग्रामपंचायतीचा ओटा, पोलीस पाटील आणि तरुण पोरं)

म्हाताऱ्याला बोटीत चढवायचं असेल तर त्याच्या घरावर नजर ठेवणारी माणसं त्याला दिसली पाहिजेत. गावाकडे पोलीस पाटील आहे, कोतवाल आहे, ग्राम सुरक्षा दल कागदावर तरी आहे. पाण्याचा जोर ओसरला की मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यातून दिवसातून दोन फेऱ्या, डोंग्यात एक जण त्याच आळीतला. कुणाच्या घराला कुलूप, कुणाचं धान माळ्यावर, याची यादी पोलीस पाटलाकडे. अनोळखी डोंगा दिसला तर 112 ला फोन. डोंगा चालवणाऱ्याला मजुरी कोण देणार, हा वाद मात्र दरवेळी होतो. तो मे महिन्यातल्या ग्रामसभेत मिटवता येईल, पाणी उंबऱ्याला लागल्यावर नाही.